एथिक्स कमिटीत आपले कोण आहे?

जनरल वॉर्डातल्या खाटेवर कोण असते हे सांगायला कोणत्या पाहणीची गरज नाही. आपणच असतो. नवे औषध, नवी लस, नवी तपासणी यांचा अभ्यास ज्यांच्या शरीरावर होतो ती माणसे बहुतेक याच खाटांवरून, झोपडपट्टीतून, आश्रमशाळेतून आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतून येतात. हा अभ्यास करायचा की नाही, केला तर कोणत्या अटींवर, हे मात्र एका बंद खोलीत टेबलाभोवती बसलेली सात-आठ माणसे ठरवतात. त्या मंडळाला एथिक्स कमिटी म्हणतात; सरकारी मराठीत नैतिकता समिती. आपल्यापैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेले नाही. ज्यांनी ऐकले आहे त्यांना ती डॉक्टरांची आपसातली बाब वाटते. आमचे म्हणणे असे की ती तशी नाही, आणि कायद्यानेही ती तशी ठेवलेली नाही.

समितीचे काम काय, ते आधी पाहू. संशोधक आपला आराखडा घेऊन समितीपुढे येतो. किती माणसे घेणार, कोणती घेणार, त्यांना काय देणार, धोका कोणता, नुकसान झाले तर उपचार व भरपाई कोण देणार, आणि सही कोणत्या कागदावर घेणार, हे सगळे त्यात लिहिलेले असते. समितीने मंजुरी दिल्याशिवाय एकही माणूस अभ्यासात घेता येत नाही. मंजुरीनंतरही काम संपत नाही. औषधाच्या चाचणीत कोणाला गंभीर इजा झाली तर संशोधकाने २४ तासांच्या आत समितीला कळवायचे असते. मृत्यू झाला तर समितीने ३० दिवसांत आपले मत, भरपाईच्या शिफारशीसह, केंद्रीय औषध प्रशासनाकडे पाठवायचे असते. अभ्यास चुकीच्या वाटेने चालला आहे असे दिसले तर समिती तो थांबवू शकते. म्हणजे हा नुसता शिक्का नव्हे. आपल्या आईला, भावाला, लेकराला झालेल्या इजेचे मोल काय, यावर पहिले मत ही माणसे देतात.

आता त्या टेबलाभोवती कोण बसते ते पाहू. १९ मार्च २०१९ रोजी केंद्र सरकारने 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स' लागू केले. त्यांनुसार समितीत किमान सात सदस्य हवेत. डॉक्टर हवेत, पण डॉक्टर नसलेलेही हवेत. एक कायद्याचा जाणकार हवा, किमान एक स्त्री हवी, आणि एक सामान्य नागरिक हवा. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे असले पाहिजेत आणि अध्यक्षही बाहेरचाच असला पाहिजे. सदस्य-सचिव तेवढा संस्थेतला असतो. शिवाय समाजशास्त्रज्ञ, स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी, तत्त्वज्ञानाचा अभ्यासक, नीतिशास्त्राचा जाणकार किंवा 'थिऑलॉजियन' यांपैकी एक असावा असे नियम म्हणतो. थिऑलॉजियन म्हणजे ईश्वरविद्येचा पंडित. आपल्या धम्मात ईश्वरच नाही, त्यामुळे त्या एका शब्दावर आपला दावा नाही; पण त्याच ओळीतल्या बाकीच्या प्रत्येक शब्दावर आहे.

या नियमातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट गणपूर्तीची आहे. बैठकीला किमान पाच सदस्य लागतात, आणि ते कोणतेही पाच चालत नाहीत. वैद्यकशास्त्रज्ञ, उपचार करणारा डॉक्टर, कायदेतज्ज्ञ, समाजशास्त्रज्ञ किंवा त्या ओळीतला दुसरा कोणी, आणि सामान्य नागरिक असे पाच लागतात. याचा सरळ अर्थ असा की औषधचाचणीच्या बैठकीत सामान्य नागरिकाची खुर्ची रिकामी असेल तर गणपूर्तीच होत नाही. मोठा सर्जन रजेवर गेला तर त्याच्या जागी दुसरा डॉक्टर चालतो. सामान्य नागरिकाच्या जागी डॉक्टर चालत नाही. सरकारी नियमांत आपल्यासारख्या माणसाला इतके वजन फार थोड्या ठिकाणी मिळालेले आहे.

मग या खुर्चीवर बसते कोण? आमच्या पाहण्यात आलेल्या समित्यांत ती जागा निवृत्त बँक अधिकाऱ्याला, विश्वस्तांच्या स्नेह्याला, एखाद्या क्लबच्या माजी अध्यक्षाला किंवा अधिष्ठात्यांच्या ओळखीच्या प्राध्यापिकेला गेलेली दिसते. ही माणसे वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. त्यांतली काही मन लावून कागद वाचतात. परंतु जनरल वॉर्डात रात्री दोन वाजता वॉर्डबॉयच्या विनवण्या कराव्या लागतात हे त्यांना पुस्तकातून कळलेले असते. सही नाकारली तर उद्या डॉक्टर नीट बघणार नाही ही भीती त्यांना कधी वाटलेली नसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य सदस्याचे वर्णन दिलेले आहे. तो लिहिता-वाचता येणारा नागरिक असावा, गेल्या पाच वर्षांत वैद्यकीय पेशात नसावा, स्थानिक भाषा व रीतिभाती जाणणारा असावा आणि ज्या समाजातून अभ्यासासाठी माणसे घेतली जाणार त्या समाजाचा प्रतिनिधी तो असू शकतो, असे तेथे म्हटले आहे. पदवी हवी असे कोठेही म्हटलेले नाही. हे वर्णन वाचल्यावर आमच्या डोळ्यांपुढे निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाची सचिव, गिरणीतून बाहेर पडलेला युनियनचा कार्यकर्ता, वाचनालय चालवणारा तरुण अशी माणसे उभी राहतात. प्रत्येक विहाराच्या आसपास अशी पाच-दहा माणसे आहेत.

'असू शकतो' आणि 'असलाच पाहिजे' यांत मात्र अंतर आहे, आणि आमची तक्रार तेथेच आहे. नियमाने स्त्रीची जागा सक्तीची केली, वकिलाची केली, बाहेरच्या माणसांची निम्मी संख्या सक्तीची केली. ज्या समाजातून माणसे घेतली जातात त्या समाजाची जागा मात्र सक्तीची केली नाही. असुरक्षित गटाच्या प्रतिनिधीला बैठकीला बोलावता येते, पण खास निमंत्रित म्हणून. निमंत्रिताला मत नसते. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांचे हित अस्पृश्यांच्याच प्रतिनिधींनी मांडले पाहिजे, दुसऱ्याने त्यांच्या वतीने नव्हे, हा मुद्दा लावून धरला होता. शंभर वर्षे उलटली. कायदेमंडळात ते तत्त्व मान्य झाले. रुग्णालयाच्या या खोलीपर्यंत ते अजून पोहोचलेले नाही.

आपले माणूस तेथे असते तर काय वेगळे झाले असते, असे कोणी विचारील. घडलेल्या गोष्टींवरूनच उत्तर देऊ.

२००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील एचपीव्ही लस १० ते १४ वर्षांच्या सुमारे २४ हजार मुलींना टोचण्यात आली. त्यांत आदिवासी व दलित मुली मोठ्या संख्येने होत्या. अभ्यासाला नाव 'प्रात्यक्षिक प्रकल्प' असे दिलेले होते. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. सरकारी चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. कोणी पाण्यात बुडून, कोणी सर्पदंशाने, कोणी विष घेतल्याने गेली होती, असे त्यात म्हटले. हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण एचपीव्ही लस उपयोगी आहे आणि तिच्याविषयी भीती पसरवणे आपल्याच लेकींच्या जिवावर येईल. परंतु त्याच चौकशीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. खम्ममच्या वसतिगृहांत कित्येक मुलींच्या संमतीपत्रावर आईबापांची सही नव्हती, वसतिगृहाच्या वॉर्डनची होती. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने या सगळ्या प्रकारावर कडक ताशेरे ओढले.

मुलगी वसतिगृहात का असते? आईबाप मजुरीला परगावी जातात म्हणून, किंवा गावात शाळा नसते म्हणून. वॉर्डनच्या शब्दाबाहेर जाणे त्या आईबापांना जमेल का? हा प्रश्न ज्याचे स्वतःचे लेकरू वसतिगृहात वाढले आहे त्याला आराखडा चाळतानाच सुचतो. ज्याची मुले घरी राहून शिकली त्याला वॉर्डनची सही ही एक सोयीची व्यवस्था वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याचे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासण्यांचा एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ गट. काही गावांत एचपीव्हीची तपासणी झाली, काहींत पेशींची, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची. चौथ्या गटातल्या गावांत कोणतीच तपासणी केली गेली नाही. त्या स्त्रियांना नेहमीची आरोग्यसेवा मिळेल असे ठरले. २००९ साली निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही तपासणीच्या गटात त्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तपासणी नसलेल्या गटात ६४. तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे सिद्ध झाले आणि त्याचा उपयोग जगभर झाला, हे खरे. संशोधकांचे म्हणणे असे की सरकारचा कोणताच तपासणी कार्यक्रम त्या भागात नव्हता, म्हणून 'नेहमीची सेवा' म्हणजे काही नाही, आणि त्याच्याशीच तुलना करायला हवी होती. टीकाकारांचे म्हणणे असे की पॅप तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीच ठाऊक होते. मग एका गटाला काहीच का द्यायचे नाही?

दोन्ही बाजूंनी विद्वानांनी लिहिले आहे. आमचे मत दुसऱ्या बाजूला झुकते. 'या बायकांना एरवीही काही मिळत नव्हते' हे वाक्य आपल्या कानांना ओळखीचे आहे. विहिरीचे पाणी एरवीही मिळत नव्हते, शाळेत एरवीही आत बसू देत नव्हते. एखाद्या समाजाचे वंचित असणे हेच त्याच्यावरच्या अभ्यासाचे प्रमाण मानले तर वंचितांवर कमी सेवेतला अभ्यास करणे कायमच नीतीला धरून ठरेल. श्रीमंत वस्तीत तो कधीच बसणार नाही, कारण तेथे 'नेहमीची सेवा' चांगली आहे. ज्या गावांना चौथा गट ठरवले त्या गावांपैकी एखादीची बाई टेबलाशी मतासह बसलेली असती तर तिने निदान एवढे विचारले असते की निकालाचा कल दिसू लागला की आमच्या गावात तपासणी कधी आणणार, ते आजच लिहून द्या.

आता विदर्भातल्या वाचकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट. सिकलसेल. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये या आजाराविषयी लिहिले तेव्हापासून आपल्या समाजातल्या रक्तावर अभ्यास चालू आहेत. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या वस्त्यांतून किती वेळा रक्त घेतले गेले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. अभ्यास व्हायलाच हवेत. आपल्या लेकरांना होणाऱ्या वेदनांवर औषध निघायचे तर आपल्याच रक्तातून निघेल. पण एकट्या माणसाच्या सहीने जे प्रश्न सुटत नाहीत असे काही प्रश्न येथे उभे राहतात. रक्ताची बाटली अभ्यास संपल्यावर कोठे जाते? ती किती वर्षे ठेवणार? दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का? शोधनिबंधात जातीचे नाव छापणार का, आणि छापायचे तर कशासाठी? एका मुलीने सही केली, निबंधात जातीचे नाव आले, वर्तमानपत्राने त्याची बातमी केली आणि सोयरिकी मोडल्या. त्या ज्यांच्या मोडल्या त्यांनी कोणत्याच कागदावर सही केलेली नसते. नुकसान समाजाचे होते, संमती मात्र एकेकट्या माणसाची घेतली जाते.

असेच अमेरिकेत हवासुपाई या आदिवासी जमातीच्या वाट्याला आले. त्यांच्यात मधुमेह फार, म्हणून १९९० पासून ॲरिझोनाच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. तेच रक्त पुढे मनोविकाराच्या आणि जमात मुळात कोठून आली याच्या अभ्यासाला वापरले गेले. २००३ साली त्या जमातीतली एक स्त्री विद्यापीठात एका पीएच.डी.च्या सादरीकरणाला हजर होती, म्हणून हे उघड झाले. जमातीने दावा लावला. २०१० साली तडजोड झाली, सात लाख डॉलर मिळाले आणि उरलेले रक्त जमातीला परत देण्यात आले. त्यांना आपले रक्त परत मागता येते हे कळले, कारण त्यांच्यातले एक माणूस त्या सभागृहात बसलेले होते.

परदेशाचा विषय निघालाच आहे तर टस्कीगीचेही सांगू, कारण त्यात आपल्याला उलट बाजूने शिकण्यासारखे आहे. अलाबामा राज्यात १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. तो उपचाराशिवाय कसा वाढत जातो हे पाहायचे होते. पेनिसिलिन आले, सर्वत्र वापरात आले, तरी या माणसांना ते दिले नाही. १९६९ साली एका समितीने फेरविचार केला आणि अभ्यास चालू ठेवावा असा कौल दिला. १९७२ साली वर्तमानपत्रात बातमी आली तेव्हा तो थांबला, आणि १९७४ च्या कायद्याने अमेरिकेत अशा समित्या बंधनकारक झाल्या. या चाळीस वर्षांत त्या पुरुषांना गाडीत घालून तपासणीला नेणारी, त्यांचा विश्वास सांभाळणारी परिचारिका स्वतः काळी होती. आपल्या जातीचे माणूस यंत्रणेत असले म्हणजे भागते असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिच्या हातात लोकांना आणण्याचे काम होते, निर्णय नव्हता. आपल्याकडेही अभ्यासासाठी माणसे गोळा करायची वेळ आली की आशाताई आठवते, अंगणवाडीची सेविका आठवते, विहाराचा कार्यकर्ता आठवतो. त्यांच्या ओळखीवर दारे उघडतात. मतदानाच्या वेळी मात्र त्यांना कोणी बोलावत नाही.

भारतातली ही चौकट एका दिवसात उभी राहिलेली नाही. १९८० साली आयसीएमआरने पहिले धोरण तयार केले तेव्हाच्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती एच. आर. खन्ना होते, आणीबाणीत माणसाच्या स्वातंत्र्याच्या बाजूने एकट्याने निकाल देणारे तेच हे खन्ना. पण धोरणाला कायद्याचे दात पुष्कळ उशिरा आले. इंदूरच्या सरकारी रुग्णालयातले प्रकार काही डॉक्टरांनीच उघड केले, स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि सरकारला आकडे द्यावे लागले. २००५ ते २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांत २,६४४ माणसे मरण पावली होती. त्यांतले ८० मृत्यू चाचणीमुळे झाले असे सरकारने सांगितले. बाकीचे मूळ आजाराने गेले असे मानले तरी हे 'मानणे' कोणी केले, कोणत्या टेबलाशी केले, हा प्रश्न उरतोच. फेब्रुवारी २०१३ मध्ये समित्यांची नोंदणी सक्तीची झाली ती या धक्क्यानंतर. आपले हक्क मागितल्याशिवाय मिळत नाहीत हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

सामान्य सदस्याचे सर्वांत मोठे काम आमच्या मते संमतीपत्राच्या भाषेत आहे. मध्यंतरी एका वस्तीत रक्ताचे नमुने घ्यायला आलेल्या पथकाचा मराठी कागद आम्ही वाचला. संस्थेचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे कागद सगळीकडे सारखेच असतात. त्यात 'यादृच्छिकीकरण' होते, 'प्रतिकूल घटना' होती, 'सहभागित्व ऐच्छिक असून त्याग केल्यास प्रमाणित उपचारावर परिणाम संभवत नाही' असे वाक्य होते. मराठीचे शिक्षकही त्यावर अडखळले. ज्या मावशींनी सही केली होती त्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, शुगर फुकट तपासतायत." हा अनुवाद कोणीतरी इंग्रजीवरून एका रात्रीत केलेला असतो आणि समितीतल्या डॉक्टरांनी फक्त इंग्रजी प्रत वाचलेली असते. 'यादृच्छिकीकरण' याचा अर्थ चिठ्ठ्या टाकून कोणाला नवे औषध आणि कोणाला जुने हे ठरणार, एवढाच. 'ऐच्छिक' म्हणजे नाही म्हणालात तरी याच दवाखान्यात हेच उपचार मिळतील, कोणी रागावणार नाही. असे लिहा, नाहीतर आम्ही मंजुरी देणार नाही, एवढे म्हणणारे एक माणूस त्या टेबलाशी हवे. आयसीएमआरची तत्त्वेही सामान्य सदस्याने संमतीपत्र आणि त्याचा अनुवाद पाहावा असेच सांगतात.

ज्याला वाचता येत नाही त्याची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार हवा असतो. तो साक्षीदार कोण असतो, हेही विचारले पाहिजे. त्याच वॉर्डातली परिचारिका निःपक्ष कशी? नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असुरक्षित गटातल्या माणसावर होत असेल तर संमतीचे चित्रीकरण करावे लागते. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या औषधांत चेहरा येऊ नये म्हणून फक्त आवाज घेतात. ही चित्रीकरणे समितीतल्या कोणी कधी उघडून पाहिली का? डॉक्टर घड्याळाकडे पाहत किती मिनिटांत समजावतो, रुग्ण प्रश्न विचारतो की नुसती मान हलवतो, हे त्यात दिसते.

या जागांवर जायचे तर तयारीही तशीच हवी. समितीतली कागदपत्रे गोपनीय असतात. ती विहाराच्या बैठकीत वाचून दाखवता येणार नाहीत आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच टाकता येणार नाहीत. ज्या अभ्यासाशी आपला किंवा नातेवाइकाचा संबंध आहे त्याच्या चर्चेतून उठून जावे लागते. प्रत्येक अभ्यासाला विरोध करणे हेही काम नव्हे. दहांतले आठ आराखडे साधे असतात, विद्यार्थ्यांचे प्रबंध असतात, त्यांना अडवून पोरांचे वर्ष वाया घालवण्यात शहाणपण नाही. उरलेल्या दोनांवर बोट ठेवता आले पाहिजे, आणि ठेवल्यावर डॉक्टर हसले तरी बोट उचलता कामा नये. मतभेद असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घ्यायचा. इतिवृत्तात नसलेली हरकत पुढे कोणाच्या कामाची नसते.

नेमणूक संस्थेचा प्रमुख करतो; महाविद्यालयात म्हणजे अधिष्ठाता किंवा प्राचार्य. मुदत बहुधा दोन ते तीन वर्षांची असते, त्यामुळे जागा सतत रिकाम्या होत असतात. मेडिकल कॉलेज, डेंटल, नर्सिंग, फिजिओथेरपी, मोठी खासगी रुग्णालये, आपल्या एका जिल्ह्याच्या गावात अशा कितीतरी समित्या निघतील. शहरातल्या मंडळांनी एकत्र बसून आपल्या भागातल्या समित्यांची यादी करावी. प्रत्येकीत सामान्य सदस्य कोण, समाजशास्त्राची जागा कोणाकडे, मुदत कधी संपते, हे लेखी विचारावे. सरकारी महाविद्यालयाकडे माहितीच्या अधिकारात विचारता येते. मग चार चांगल्या माणसांची नावे, त्यांतली निदान दोन स्त्रियांची, थोडक्या परिचयासह अधिष्ठात्यांकडे द्यावीत. आपल्यातले वकील या कामाला फार उपयोगी आहेत, कारण कायद्याच्या जागेलाही ते लागतात. जिल्हा न्यायालयात काम करणाऱ्या तरुण वकील मुलींना आमची खास विनंती आहे.

एक अडचण व्यावहारिक आहे आणि ती लपवून चालणार नाही. बैठका कामाच्या दिवशी दुपारी असतात, आराखड्यांचा गठ्ठा आठवडाभर आधी येतो, तो बहुतेक इंग्रजीत असतो. रोजंदारीवरच्या माणसाने मजुरी बुडवून जायचे म्हटले तर मानधन आणि प्रवासखर्च मिळाला पाहिजे, आणि संमतीपत्राबरोबर आराखड्याचा मराठी गोषवारा मागता आला पाहिजे. हे मागणे नियमाच्या विरुद्ध नाही. नाव सुचवतानाच, त्याच पत्रात, ही मागणी लिहावी. नेमणुकीनंतर मागितले तर ते एका माणसाचे गाऱ्हाणे ठरेल. जाण्याआधी त्या माणसाने एक-दोन संमतीपत्रे हातात घेऊन सराव करावा; वस्तीतल्या कोणाकडे तरी रुग्णालयाने दिलेली प्रत असतेच, कारण सही करणाऱ्याला एक प्रत द्यावीच लागते. घरात शोधा. त्या कागदाच्या शेवटी समितीच्या सदस्य-सचिवाचे नाव आणि फोन नंबर छापलेला असतो.